सेमूर क्रे आणि संगणकाचा उकाडा

बँकेच्या शाखेत काउंटरच्या मागे बहुतेक वेळा काचेच्या दाराची एक चिंचोळी खोली असते. एसी चालू, माणूस कोणी नाही आणि लोखंडी रॅकवर एक पेटी अखंड घुमत असते. शाखेतल्या कामाचा बराचसा भार तिच्यावर असतो. ती उघडून पाहिली, तर आकडेमोड करणारे दोन-चार प्रोसेसर तळहातावर मावतील एवढेच निघतात. बाकीची पेटी भरलेली असते ती पंख्यांनी, धातूच्या पातळ पात्यांनी, मेमरीच्या पट्ट्यांनी, वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यांनी आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या बोर्डाने. वीजपुरवठ्याचे ठोकळे सहसा दोन असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्याने काम निभावून न्यावे म्हणून; आपल्या दोन मूत्रपिंडांसारखे.

शरीरातही हाच हिशेब आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण आपण स्वस्थ पडून असतानाही खर्च होणाऱ्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. त्याला ही ऊर्जा पोहोचवण्यासाठी आणि त्याच्यात तयार होणारी उष्णता बाहेर काढण्यासाठी हृदय, फुप्फुसे, रक्त आणि त्वचा दिवसरात्र राबतात. संगणकाच्या बाबतीत ही गोष्ट ज्यांनी आयुष्यभर सर्वांत गांभीर्याने घेतली, ते अमेरिकी अभियंते म्हणजे सेमूर क्रे. महासंगणक या शब्दाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. वेगवान प्रोसेसर बनवणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांच्या यंत्रांचा इतिहास नीट पाहिला, तर त्यांची खरी झुंज उष्णतेशी आणि तारेच्या लांबीशी होती असे दिसते.

सेमूरचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ रोजी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स या छोट्या गावी झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. मुलाचा ओढा पाहून त्यांनी घराच्या तळघराचा काही भाग त्याला खटपटींसाठी देऊन टाकला. दहाव्या वर्षी या मुलाने खेळण्यातल्या धातूच्या पट्ट्या जोडून एक यंत्र तयार केले. भोके पाडलेली कागदी पट्टी त्यात घातली की मोर्सच्या संकेतांचे आवाज येत. १९४३ मध्ये शाळा संपताच त्याला सैन्यात भरती व्हावे लागले. युरोपात रेडिओचे काम आणि नंतर फिलिपिन्समध्ये जपानी संकेत उलगडण्याचे काम करून तो परतला. मिनेसोटा विद्यापीठातून त्याने विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये उपयोजित गणिताची पदव्युत्तर पदवी मिळवली.

पहिली नोकरी सेंट पॉल शहरातल्या एका कंपनीत लागली. लाकडी ग्लायडर विमाने बनवण्याचा जुना कारखाना हेच तिचे कार्यालय होते. ही कंपनी पुढे एका मोठ्या उद्योगाने विकत घेतली, तिथे कागदपत्रे आणि बैठका वाढल्या, आणि १९५७ मध्ये काही सहकाऱ्यांनी बाहेर पडून कंट्रोल डेटा नावाची कंपनी काढली. क्रे लवकरच त्यांना जाऊन मिळाले.

इथे त्यांनी दोन यंत्रे केली. एक मोठे, १६०४ नावाचे, ट्रान्झिस्टरवर चालणारे. दुसरे १६० नावाचे, एका टेबलात बसवलेले. हे छोटे यंत्र मोठ्याच्या दिमतीला ठेवता येई. कार्डे वाचणे, चुंबकीय फिती चालवणे, छपाई करणे अशी हळू चालणारी कामे त्याने उरकायची आणि मोठ्याने फक्त आकडेमोड करायची. या जोडगोळीचे पुढचे रूप महाराष्ट्रातही येऊन पोहोचले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये जो संगणक बसला, तो कंट्रोल डेटाचा ३६०० होता आणि त्याच्या जोडीला टेबलातला १६०-ए होता. देशभरातले शास्त्रज्ञ आपली गणिते घेऊन तिथे येत.

क्रे यांना मात्र मुख्य कार्यालयातली गर्दी नकोशी झाली होती. १९६२ मध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा थेट चिपेवा फॉल्सला, स्वतःच्या घराजवळ नेली. तिथे मोजक्या माणसांनी मिळून ६६०० हे यंत्र पूर्ण केले. कंपनीने १९६३ मध्ये त्याची घोषणा केली तेव्हा आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन (धाकटे) संतापले. अवघ्या ३४ जणांच्या, त्यात झाडलोट करणारा माणूसही धरलेल्या, चमूने आपल्या अवाढव्य कंपनीला मागे कसे टाकले, असा जाब त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना लेखी विचारला होता.

उत्तर यंत्राच्या रचनेतच होते. ६६०० मध्ये एक मुख्य प्रोसेसर होता आणि त्याच्याभोवती दहा छोटे प्रोसेसर होते. बाहेरून माहिती आणणे, निकाल बाहेर पाठवणे, चालकाच्या पडद्यावर अक्षरे दाखवणे ही सगळी वरकड कामे त्या दहांची. गजबजलेल्या रुग्णालयात सर्जनने केसपेपर काढत बसायचे नसते, ते काम खिडकीवरच्या माणसांचे. तशीच ही वाटणी. एकाच पेटीत अनेक प्रोसेसर ठेवून त्यांना कामे नेमून देण्याची ही पद्धत आज सर्वत्र दिसते. तेव्हा ती नवी होती.

पण खरी अडचण वेगळीच होती. यंत्रात सुमारे चार लाख ट्रान्झिस्टर होते. वेग हवा म्हणून ते एकमेकांच्या अगदी जवळ बसवले होते आणि जवळ बसवल्यामुळे ते तापत होते. पंख्याची हवा त्या गर्दीत शिरेना. तेव्हा डीन राउश या सहकाऱ्याने फ्रिजमधले तंत्र उचलले आणि यंत्राच्या चौकटीतूनच फ्रिऑनच्या नळ्या फिरवल्या. वरून पाहिले तर अधिकच्या चिन्हासारख्या दिसणाऱ्या त्या कपाटात फ्रिज आणि संगणक अक्षरशः एकत्र नांदत होते.

तारेची लांबी एवढी महत्त्वाची का, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात फक्त ३० सेंटीमीटर जातो. तारेतला विद्युतसंदेश त्याहून थोडा मागे राहतो, साधारण २० सेंटीमीटर जातो. आपल्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंमधला संदेश सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर धावतो, त्या तुलनेत हे काहीच्या काही वेगवान. तरीही संगणकाचा ठोका अब्जांश सेकंदांत मोजायचा म्हटला की हात-दोन हात तारसुद्धा लांब वाटू लागते. म्हणून सगळे भाग जवळ आणायचे. जवळ आणले की उष्णता कोंडते. ती काढायला नळ्या घातल्या की जागा जाते आणि भाग पुन्हा लांब जातात. क्रे यांचे उरलेले आयुष्य या पेचात गेले.

१९६९ मध्ये ७६०० आला, तो आणखी वेगवान आणि दुरुस्त करायला आणखी कठीण. त्यापुढचा ८६०० मात्र कधी पूर्णच झाला नाही. त्यात चार प्रोसेसर एकाच मेमरीवर चालायचे होते. सुटे भाग इतके दाटीने बसवले होते की एक सांधा निकामी झाला तरी सगळे ठप्प होई. हे गणित रुग्णालयातल्या यंत्रांनाही लागू आहे. एखाद्या भागाचा दिवसभरात बिघडण्याचा धोका हजारात एक धरला आणि यंत्रात असे हजार भाग असले, तर पूर्ण यंत्र दिवसभर बिनबोभाट चालण्याची शक्यता फक्त ३७ टक्के उरते. प्रत्येक भाग एकेकटा पाहिला तर उत्तम असतो आणि यंत्र तरी रोज आडवे पडते. क्रे यांनी सगळे मोडून नव्याने सुरुवात करायची परवानगी मागितली. कंपनीकडे तेवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये ते बाहेर पडले. विशेष म्हणजे भांडण झाले नाही, उलट जुन्या कंपनीने त्यांच्या नव्या कंपनीत भांडवल घातले.

या नव्या कंपनीचे, क्रे रिसर्चचे, पहिले यंत्र क्रे-१. ते १९७६ मध्ये लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत बसले. या वेळी क्रे यांनी अनेक प्रोसेसरांचा मोह टाळला, एकच ठेवला, पण त्याची पेटी अशी घडवली की आजही वस्तुसंग्रहालयात लोक तिच्याभोवती घुटमळतात. बारा उभे खांब इंग्रजी सी अक्षराच्या आकारात उभे केलेले. अर्धवट वर्तुळ का, तर आतल्या बाजूने जोडलेल्या तारा आखूड राहाव्यात म्हणून. कोणतीही तार चार फुटांहून लांब नव्हती. खांबांच्या पायथ्याशी गोलाकार बाक होता, त्यावर गादी घातलेली. पाहुण्यांना ते बसायची सोय वाटे. त्या बाकाच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवली होती.

आतल्या तारा गावातल्या बायकांनी हाताने जोडल्या. प्रत्येक तारेची लांबी मोजूनमापून ठरवलेली, कारण संदेश उशिरा पोहोचून चालत नसे, तसाच आधी पोहोचूनही चालत नसे. हे काम महिनोन् महिने चाले. महासंगणकाच्या कथांमध्ये त्यांचा उल्लेख ओझरताच येतो, हे खटकते.

यंत्र सुमारे ११५ किलोवॉट वीज घेई. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे अकराशेहून अधिक माणसे एका कपाटात कोंबल्यासारखे झाले. प्रत्येक बोर्डाला तांब्याचा पत्रा चिकटवला होता. पत्रा उष्णता कडेला नेई, कडेला धातूचे उभे दांडे आणि दांड्यांच्या आत फ्रिऑनची नळी. ऊतींतून रक्तात, रक्तातून त्वचेपर्यंत अशीच आपली उष्णता पायरीपायरीने बाहेर पडते. कागदावर हे सोपे होते. प्रत्यक्षात फ्रिऑनमध्ये मिसळलेले वंगणतेल सांध्यांतून झिरपू लागले, बोर्डांवर त्याचा थर बसला आणि शॉर्टसर्किट होऊ लागले. नळ्यांच्या जोडणीची नवी पद्धत शोधावी लागली. जगातल्या सर्वांत वेगवान गणकयंत्रासाठी या कंपनीला जी पेटंटे मिळाली, ती त्याच्या शीतनव्यवस्थेची होती. आकडेमोडीची नव्हे.

क्रे-१ ची ८० हून अधिक यंत्रे विकली गेली. इंग्लंडमधल्या रीडिंग इथल्या युरोपीय हवामान केंद्राने त्यावर पुढच्या अनेक दिवसांचे अंदाज काढायला सुरुवात केली. यश आले तसे व्यवस्थापनही वाढले आणि क्रे यांनी पुन्हा त्यातून अंग काढून घेतले. १९८० नंतर ते कंपनीचे प्रमुख राहिले नाहीत, करारावर काम करणारे अभियंते झाले.

त्यांच्याविषयी अनेक किस्से आहेत. मुलाखती ते टाळत. घरी जेवायला येत आणि रात्री पुन्हा प्रयोगशाळेत जात. पहिला विवाह पुढे मोडला. अशा एकाग्रतेची किंमत घरच्यांनाही मोजावी लागते. घराखाली ते एक बोगदा खणत असत, त्याला देवदाराच्या फळ्या लावत. आपण खणायला गेलो की वनातले छोटे जीव कार्यालयात येऊन अडलेली कोडी सोडवून जातात, असे ते गमतीने सांगत. गंमत सोडली तरी यात तथ्य आहे. एका प्रश्नावर तासन् तास डोके चालवून थकल्यावर अंगमेहनतीच्या कामात मन गुंतले, की सुचत नव्हते ते अनेकदा सुचते. टेबलाशी चिकटून बसणाऱ्यांनी हे करून पाहायला हरकत नाही.

क्रे-२ मध्ये ते पुन्हा अनेक प्रोसेसरांकडे वळले. चार प्रोसेसर आकडेमोडीला आणि पाचवा या सगळ्यांची व्यवस्था पाहायला. जागा वाचवण्यासाठी आठ-आठ बोर्ड एकमेकांवर रचून ठोकळे केले होते. आता तांब्याचा पत्रा सरकवायलाही फट उरली नव्हती. मग क्रे यांनी सगळे यंत्रच एका द्रवात बुडवले. पाण्याने वीज वाहते, म्हणून पाणी चालणार नव्हते. फ्लोरिनर्ट नावाचा परफ्लुओरोकार्बन कुळातला द्रव निवडला. तो वीज वाहत नाही आणि सहसा कशाशी रासायनिक क्रियाही करत नाही. पारदर्शक भिंतींआड, बुडबुडणाऱ्या द्रवात हा संगणक चालू असे. सगळी पेटी कमरेपेक्षा थोडी उंच. १९८५ मध्ये ती बाजारात आली.

या द्रवाच्या कुळाचा वैद्यकाशी जुना संबंध आहे. त्यात प्राणवायू मोठ्या प्रमाणात विरघळतो. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क या अमेरिकी संशोधकाने प्राणवायू मिसळलेल्या अशाच द्रवात उंदीर पूर्ण बुडवून दाखवले आणि ते त्या द्रवातूनच श्वास घेत जगले. रक्तातला प्राणवायू मोजणारा इलेक्ट्रोड शोधणारे क्लार्क ते हेच. पुढे याच कुळातून कृत्रिम रक्ताचे प्रयोग झाले. फ्लुओसोल नावाच्या औषधाला १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, हृदयाच्या रोहिणीत फुगा फुगवताना पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळावा म्हणून. वापरायला ते किचकट होते, साठवणूक अवघड होती, आणि १९९४ मध्ये ते बाजारातून गेले. संगणकाला जो उपाय मानवला, तो माणसाला तितकासा मानवला नाही. संगणकाला फक्त उष्णता बाहेर टाकायची होती. रक्ताला प्राणवायू पोहोचवायचा असतो, जंतूंशी लढायचे असते आणि जखमेवर गोठायचेही असते.

दरम्यान, कंपनीतल्या स्टीव्ह चेन यांच्या चमूने क्रे-१ ची रचना वाढवून एक्स-एमपी तयार केला. एकाच चौकटीत दोन आणि पुढे चार प्रोसेसर, सर्वांची मेमरी सामाईक. भारताला मॉन्सूनच्या अंदाजासाठी हेच यंत्र हवे होते. संवेदनशील तंत्रज्ञान म्हणून अमेरिकेने हात आखडता घेतला आणि दिल्लीला मिळाला तो एकच प्रोसेसर असलेला एक्स-एमपी/१४. या नकारातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर डझनांनी एकमेकांना जोडलेले होते. एक महाबली नाही तर अनेक सामान्य, हा त्यामागचा विचार होता.

नेमका हाच विचार क्रे यांना पटत नव्हता. शेत नांगरायला दोन दमदार बैल बरे की हजारभर कोंबड्या, असा त्यांचा सवाल असे. सवाल खमंग होता, पण काळ कोंबड्यांच्या बाजूने चालला होता. घरगुती संगणकांसाठी लाखोंनी तयार होणारे प्रोसेसर दरवर्षी स्वस्त आणि वेगवान होत होते. ते कमी तापत, दुकानात मिळत आणि एक बिघडला तर दुसरा बसवता येई. क्रे आपल्या वाटेने आणखी पुढे गेले. सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइडच्या चिप घ्यायचे त्यांनी ठरवले, कारण त्यात इलेक्ट्रॉन अधिक चपळ असतात. पण हा पदार्थ ठिसूळ, महाग आणि हाताळायला कठीण. १९८९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला वेगळी कंपनी निघाली. क्रे-३ चे एकच यंत्र बाहेर पडले, तेही १९९३ मध्ये बोल्डरच्या वातावरण संशोधन केंद्रात वापरून पाहण्यासाठी. शीतयुद्ध संपले होते आणि सरकारी प्रयोगशाळांच्या थैल्यांची तोंडे आवळली होती. मार्च १९९५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. त्या वेळी क्रे सत्तरीला टेकले होते.

त्यांच्या हट्टापायी पैसा बुडाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. ते चूक नाहीत. पण सत्तरीत दिवाळे निघाल्यावर माणूस काय करतो, हेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९९६ मध्ये क्रे यांनी एसआरसी नावाची नवी कंपनी काढली. या वेळी त्यांना अनेक प्रोसेसर एकत्र जोडून चालणारे यंत्र करायचे होते. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातली वाट वेगवान कशी करता येईल, यावर त्यांचा भर होता. आयुष्यभर ज्या कोंबड्यांची त्यांनी थट्टा केली होती, त्यांनाच आता ते एका जुवाखाली आणू पाहत होते.

२२ सप्टेंबर १९९६ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या महामार्गावर एका गाडीने त्यांच्या जीपला मागे टाकण्याचा प्रयत्न केला. ती तिसऱ्याच गाडीवर आदळली आणि ती तिसरी गाडी क्रे यांच्या जीपवर. जीप तीनदा उलटली. डोक्याला आणि मानेला जबर मार लागला होता. तातडीने शस्त्रक्रिया झाली. मेंदूही एका बंद पेटीत असतो आणि कवटी ताणत नाही. आत सूज आली किंवा रक्त साचले तर दाब वाढतो आणि रक्तपुरवठा घटत जातो. म्हणूनच डोक्याच्या गंभीर दुखापतीत शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही जोखमीचे असतात. क्रे दोन आठवडे रुग्णालयात होते. ५ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नव्या कंपनीचे काम सहकाऱ्यांनी पुढे चालू ठेवले आणि तिची यंत्रे बाजारातल्या तयार प्रोसेसरांवरच उभी राहिली.